एसीचं पाणी कुठल्या ट्रेडमध्ये येतं?

मुंबईतल्या सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या खालोखाल भांडण होतं ते वरच्या मजल्यावरच्या एसीच्या पाण्यावरून. चौथ्या मजल्यावर नवा स्प्लिट एसी बसतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर टपटप सुरू होते. एसीवाला म्हणतो, मी पाइप बाहेर काढून दिलाय, पुढचं प्लंबरचं काम. प्लंबर म्हणतो, इथे पॉइंट ठेवायला मला कुणी सांगितलं होतं? या भोकापासून पावसाळी पाइपपर्यंत चढ आहे, पाणी चढणार कसं? भोक पाडणारा गवंडी तोवर कांदिवलीच्या दुसऱ्या साइटवर पोचलेला असतो. गंमत म्हणजे तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर असतं.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडचा शिल्प निदेशक म्हणून बरीच वर्षं काढली. हे भांडण ऐकलं की मला आमची वर्कशॉप आठवतात. भिंतीच्या अलीकडे वेल्डर, पलीकडे एसी-फ्रिज, व्हरांड्याच्या टोकाला प्लंबर. चौथ्या मजल्यावर जे झालं त्याची तालीम आम्हीच मुलांकडून करून घेत होतो, असं आता वाटतं. वेगवेगळ्या ट्रेडच्या शिक्षकांनी मिळून शिकवावं, हे वाक्य सभेत छान वाटतं. सगळे माना डोलावतात, चहा येतो, आणि जो तो आपल्या वर्कशॉपला कुलूप लावून घरी जातो. असं का होतं आणि काय केलं तर वेगळं होतं, ते जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगतो.

भिंत कुणी बांधली?

आधी ज्यांनी आयटीआय आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी. आपली आयटीआय 1950 साली सुरू झालेल्या केंद्राच्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालतात. प्रत्येक ट्रेडला वीस किंवा चोवीस मुलांचं एक युनिट असतं आणि त्या युनिटला एक निदेशक. वेल्डर, प्लंबर, कोपा (म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर) हे एका वर्षाचे ट्रेड. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, एसी-फ्रिज हे दोन वर्षांचे. थिअरी, प्रॅक्टिकल, हजेरी, प्रोग्रेस कार्ड सगळं त्या युनिटपुरतं. चार-पाच ट्रेडच्या निदेशकांवर एक गटनिदेशक असतो, पण त्याचा वेळ बहुतेक कागदांत जातो.

ही रचना वेडेपणाची नव्हती. त्या काळी मुंबईत गिरणी किंवा कारखान्यात माणूस एका पदावर लागायचा आणि त्याच पदावरून निवृत्त व्हायचा. फिटर म्हणजे फिटर. त्याच्या शेजारी टर्नर, सुतार, बॉयलर अटेंडंट असायचेच, त्यामुळे दुसऱ्याचं काम काय असतं हे शिकवावं लागत नव्हतं. ते जेवणाच्या सुट्टीत आपसूक कळायचं. आयटीआयने फक्त पदापुरतं शिकवलं तरी उरलेलं शिक्षण खात्याखात्यांत होत होतं.

1982च्या संपानंतर गिरणगाव बदलत गेलं. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला. आता त्याच भागात आमची मुलं टॉवर, मॉल आणि ऑफिसांच्या देखभालीला लागतात. तिथे ठेकेदार त्यांना फिटर किंवा प्लंबर म्हणून घेत नाही, ‘एमएसटी’ म्हणून घेतो. म्हणजे मल्टिस्किल टेक्निशियन. रात्रपाळीला एकटा मुलगा असतो. पंप बंद पडला तरी तोच, एसी गळला तरी तोच. शेजारी शिकवायला टर्नरकाका नाहीत. जे आधी खात्यात आपोआप व्हायचं ते आता आयटीआयमध्येच व्हायला हवं, आणि आमची भिंत मात्र 1950ची आहे.

अर्धा इंच नक्की केवढा?

शिक्षकांचं एकमेकांशी जमत नाही त्याला स्वभाव आणि अहंकार अशी कारणं दिली जातात. अहंकार असतो, नाही असं नाही. इलेक्ट्रिशियनवाले आम्ही स्वतःला थोडे वरचे समजतो हे मी कबूल करतो. पण खरी अडचण त्याहून साधी आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. ट्रेडची भाषाच वेगळी असते, आणि शब्द सारखे असल्यामुळे ती वेगळी आहे हे लक्षातही येत नाही.

प्लंबरचा ‘अर्धा इंची’ जीआय पाइप घ्या. बाहेरून व्हर्नियर लावला तर तो 21 मिमीच्या वर भरतो, कारण प्लंबिंगमध्ये पाइपचं नाव त्याच्या आतल्या पोकळीवरून, तेही ढोबळमानाने, पडलेलं आहे. एसीच्या कामात ‘अर्धा इंची’ तांब्याची नळी म्हणजे बाहेरून मोजलेले 12.7 मिमी. दोघं सर एकाच टेबलावर बसून ‘अर्धा इंच’ म्हणतात आणि दोघांच्या डोळ्यांसमोर वेगळी वस्तू असते.

आमच्या ट्रेडचंही तसंच. दुकानात आम्ही ‘चार एमएमची वायर द्या’ म्हणतो. ते खरं तर चार चौरस मिलिमीटर, म्हणजे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ. एकच सलग तार असती तर तिचा व्यास सुमारे 2.26 मिमी भरला असता. फिटरच्या एका मुलाने एकदा वायर सोलून मोजली आणि दुकानदाराने फसवलं म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन आला. त्याचं चुकलं नव्हतं. त्याच्या ट्रेडमध्ये एमएम म्हणजे लांबी.

वेल्डरचे सर रॉड नंबराने मागतात. आठ नंबर म्हणजे 4 मिमी, दहा नंबर 3.15, बारा नंबर 2.5. नंबर वाढला की जाडी कमी, हे बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. सुतारकामात अजून सूत चालतं, एका इंचाचे आठ सूत. आणि सगळ्यात गमतीचा शब्द ‘टन’. वेल्डरच्या मुलांना एकदा दीड टनाच्या एसीचं ब्रॅकेट करायला सांगितलं, तर त्यांनी मंगल कार्यालयाचं छप्पर पेलेल अशी चौकट काढली. त्यांना वाटलं वजन दीड टन. तो टन थंडाव्याचा असतो. सुमारे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता शोषून घेतो तेवढी उष्णता बाहेर काढण्याचा वेग म्हणजे एक टन, आजच्या मापात साधारण साडेतीन किलोवॅट. घरगुती एसीचं बाहेरचं युनिट साधारण 25 ते 40 किलोंचं असतं.

म्हणून मला विचाराल तर सहकार्याची पहिली पायरी बैठक नाही. व्हरांड्यातला एक फळा. त्यावर दर आठवड्याला एक शब्द, आणि प्रत्येक ट्रेडच्या सरांनी त्याखाली आपल्याकडे त्याचा अर्थ काय ते लिहायचं. ‘अर्थ’ हाच शब्द लिहून पाहा. माझ्यासाठी अर्थिंग म्हणजे दोष आला तर करंट सुरक्षित वाट काढून जमिनीत जावा म्हणून केलेली सोय. वेल्डरसाठी अर्थ म्हणजे जॉबला, म्हणजे जोडायच्या लोखंडाला, चिमट्याने लावलेली परतीची केबल, जिच्यातून कामाचाच करंट रोज वाहतो. या दोन गोष्टींची गल्लत पावसाळ्यात ओल्या हातमोज्यांनी झाली, आणि वेल्डिंग सेटचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे वेल्डिंग चालू नसतानाचं व्होल्टेज, 80 व्होल्टच्या आसपास असलं, तर परिणाम वाईट होऊ शकतो. फळ्याला खर्च खडूचा.

दुसऱ्याचा डेमो बघायला जाणं

जपानमध्ये शाळाशिक्षकांची एक जुनी पद्धत आहे, जुग्यो केंक्यू, म्हणजे धड्याचा अभ्यास. काही शिक्षक मिळून एक धडा आखतात, एकजण तो शिकवतो आणि बाकीचे वर्गात उभे राहून पाहतात. ते शिक्षकाकडे बघत नाहीत, मुलांकडे बघतात. कुठलं पोर कुठे अडखळलं, कुणी वही बंद केली, कुणाला अचानक समजलं. मग त्यावर बोलणं होतं. शिकवणाऱ्याच्या चुका काढायच्या नसल्यामुळे कुणी दुखावत नाही.

वर्कशॉपमध्ये हे फार चांगलं चालतं, कारण आमच्याकडे डेमो असतोच. मी एसी-फ्रिजच्या वर्कशॉपमध्ये ब्रेझिंगचा, म्हणजे नळ्या न वितळवता भरणीचा धातू वितळवून जोडण्याचा, डेमो बघायला गेलो तेव्हा वेल्डरच्या सरांनाही ओढून नेलं. मुलं तांब्याच्या नळ्या जोडत होती. वेल्डरच्या सरांना पाच मिनिटांत दिसलं की मुलं ज्योत एकाच जागी धरतात. ज्योत फिरवून दोन्ही नळ्या सारख्या तापवल्या तर भरणीचा धातू आपोआप सांध्यात ओढला जातो, हे त्यांनी करून दाखवलं. एसीच्या सरांनी मग त्यांनाच विचारलं, “सर, हा सांधा कसा वाटतो?” ते म्हणाले, “फर्स्ट क्लास.” एसीच्या सरांनी करवतीने नळी उभी चिरली. आतून काळी खपली धरली होती.

तापलेल्या तांब्याला नळीच्या आतल्या हवेतला ऑक्सिजन लागला की कॉपर ऑक्साइडची काळी खपली तयार होते. ती पुढे गॅसबरोबर सुटते आणि कॅपिलरीच्या केसासारख्या बारीक नळीत किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकते. म्हणून ब्रेझिंग चालू असताना नळीतून मंद नायट्रोजन सोडतात. वेल्डरची नजर सांध्याच्या बाहेरच्या बाजूला तयार झालेली, एसीवाल्याची आतल्या. तीस वर्षं टॉर्च हातात धरलेल्या माणसाला त्या दिवशी काहीतरी नवीन मिळालं, आणि एसीच्या सरांना त्यांच्या मुलांचे सांधे दर वर्षी का गळतात ते कळलं. कुठल्याही रिफ्रेशर कोर्सला हे शक्य झालं नसतं, कारण तिथेही निदेशकांना बहुतेक ट्रेडवारच बसवतात.

चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी निदेशकांचं वर्षभराचं प्रशिक्षण होतं. तिथे ट्रेडचा भाग वेगळा, पण शिकवायचं कसं हा भाग सगळ्यांना सारखा असतो. म्हणजे लेसन प्लॅन कसा लिहायचा, डेमोचे टप्पे कसे पाडायचे यात सगळे ट्रेड एकच भाषा बोलतात. दुसऱ्याच्या डेमोबद्दल बोलायला ती पुरते.

एकच जॉब, पाच सर

आता मोठी गोष्ट. जर्मनीने व्यवसाय शाळांमधले सुटे विषय मोडायचं 1996 साली ठरवलं. तिथल्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ‘शिक्षणक्षेत्र’ ही कल्पना आणली. गणित, मटेरियल, ड्रॉइंग असं वेगळं न शिकवता प्रत्यक्ष कामातला एक पूर्ण टप्पा घ्यायचा आणि त्याभोवती सगळं शिकवायचं. तसं करायचं तर शिक्षकांना एकत्र बसून आखावंच लागतं, बसा म्हणून सांगावं लागत नाही. पुढे 1998 मध्ये त्यांनी मेकॅट्रॉनिक्सचा स्वतंत्र ट्रेड काढला. हा शब्द मुळात 1969 साली जपानच्या यास्कावा कंपनीतले अभियंते तेत्सुरो मोरी यांनी घडवला, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स जोडून. आपल्याकडेही टेक्निशियन मेकॅट्रॉनिक्स हा दोन वर्षांचा ट्रेड आला आहे. पण नवा ट्रेड काढणं म्हणजे आणखी एक भिंत उभी करणंसुद्धा होऊ शकतं, याकडे मी जरा संशयानेच बघतो.

आपल्याकडे सगळा अभ्यासक्रम मोडायची गरज नाही, कारण त्यात एक खिडकी आधीच आहे. 2022च्या सुधारित अभ्यासक्रमात वर्षाचे 1200 तास आहेत. पहिल्या वर्षी त्यातले 840 प्रॅक्टिकलचे, 240 थिअरीचे, 120 एम्प्लॉयेबिलिटी स्किल्सचे. याखेरीज दर वर्षी 150 तास कारखान्यात प्रत्यक्ष काम करायचं, आणि जिथे तशी सोय नसेल तिथे ग्रुप प्रोजेक्ट सक्तीचा. बहुतेक ठिकाणी हा ग्रुप प्रोजेक्ट म्हणजे एकाच ट्रेडच्या पाच मुलांनी केलेलं मॉडेल असतं, जे तपासणीनंतर कपाटावर धूळ खातं. तिथे ग्रुप म्हणजे फक्त पाच मुलं. पाच ट्रेड घेतले तर?

आम्ही घेतला तो जॉब एसीचाच. वर्कशॉपच्या मागच्या बाजूला विटांची एक डमी भिंत उभी केली आणि तिच्यावर एसी पूर्ण बसवायचा. ड्राफ्ट्समनच्या मुलांनी ड्रॉइंग काढायचं. वेल्डरने ब्रॅकेट करायचं, आणि मुंबईची खारट हवा धरून त्याला गंज लागणार नाही असं रंगवायचं. आमच्या मुलांनी वेगळं सर्किट, एमसीबी आणि अर्थिंग द्यायचं. प्लंबरने ड्रेन न्यायचा, एसीच्या मुलांनी फ्लेअरिंग (जोडणीसाठी नळीचं तोंड पसरवणं), नायट्रोजनने गळती तपासणं, व्हॅक्यूम आणि चालू करणं. खर्चाचा तक्ता आणि ग्राहकाचं बिल सगळ्यांनी मिळून.

कामाची वाटणी दहा मिनिटांत झाली. खरं काम क्रम ठरवण्यात होतं. भोक कुठे पाडायचं यावर आम्ही पाच सर दीड तास भांडलो. एसीच्या सरांना ते इनडोअर युनिटच्या मागे लपलेलं हवं होतं, प्लंबिंगच्या सरांना खाली, उताराच्या सोयीने, आणि मला माझी वायर तांब्याच्या नळीपासून लांब. हा दीड तास हेच सहकार्य होतं. मुलं बाजूला उभी राहून ऐकत होती. नंतर एक मुलगा म्हणाला, “सर, तुम्ही लोक पण भांडता?” मला तो त्या वर्षातला सगळ्यात चांगला थिअरीचा तास वाटला.

एक गोष्ट मात्र जपायला हवी. अशा जॉबमध्ये प्रत्येक सर आपल्या भागाचे मार्क देतात आणि जोडणीला कुणीच मार्क देत नाही. मग मुलंही आपला भाग चोख करून हात झटकतात, चौथ्या मजल्यावरच्या मंडळींसारखी. आम्ही अंतर्गत मार्कांतला एक हिस्सा सगळ्या गटाला मिळून एकच ठेवला. एसी चालून पाणी नीट गेलं तर सगळ्यांना, नाही तर कुणालाच नाही. वेल्डरच्या मुलांनी यावर कुरकुर केली, आणि ती अगदीच चुकीची होती असं नाही.

रजिस्टर, शिफ्ट आणि कसारा फास्ट

आता अडचणी, कारण त्या सांगितल्या नाहीत तर हा लेख वाचून एखादे उत्साही सर तोंडावर पडतील.

सर्वात मोठी अडचण डेड स्टॉक रजिस्टरची, म्हणजे यंत्रं-हत्यारांच्या नोंदवहीची. माझ्या वर्कशॉपमधलं ड्रिल मशीन दुसऱ्या ट्रेडच्या मुलाने बिघडवलं तर ऑडिटला सही माझी. त्यामुळे शहाणा निदेशक कुलूप लावतो. यावर उपाय कागदाचाच आहे. प्राचार्यांच्या सहीने सामाईक जॉबसाठी वेगळं इंडेंट (सामानाचं मागणीपत्र) आणि हत्यारांची वेगळी देवघेव वही. साधी वही, पण तिच्यामुळे दारं उघडतात.

दुसरी शिफ्टची. पहिल्या आणि दुसऱ्या शिफ्टचे निदेशक एकमेकांना फक्त जिन्यात भेटतात. तिसरी, तासिका तत्त्वावरच्या निदेशकांची. त्यांना शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, बैठकीचे नाहीत. त्यांना फुकट बसवून सहकार्याच्या गप्पा मारणं मला पटत नाही. सामाईक जॉबचे तास वेळापत्रकात शिकवण्याचे तास म्हणून धरले तरच त्यांना बोलवावं. हे फक्त प्राचार्य करू शकतात, आणि या सगळ्या प्रकरणात त्यांच्याकडून मला एवढंच हवं असतं. भाषण नको, आठवड्यातले दोन तास पाचही युनिटना एकाच वेळी प्रॅक्टिकलचे द्या.

शिवाय एक माणूस प्रत्येक आयटीआयमध्ये असतो ज्याला कुणी विचारत नाही. वर्कशॉप कॅल्क्युलेशन, ड्रॉइंग किंवा एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स शिकवणारे सर किंवा मॅडम. ते सगळ्या ट्रेडमध्ये फिरतात. फिटरची बॅच कुठे अडकली आणि प्लंबरची कुठे पुढे गेली हे त्यांना माहीत असतं. आमच्याकडे भोकाचा वाद ड्रॉइंगच्या मॅडमनी सोडवला होता, कारण पाचही बाजूंचं ऐकून एका कागदावर काढणं हे त्यांचं रोजचंच काम. सामाईक जॉबचा प्रमुख नेमायचा तर मी वरिष्ठता बघणार नाही, त्यांनाच नेमीन.

आणि एक निरीक्षण, ज्याला काही पुरावा नाही. ज्या निदेशकांचं आपसांत जमतं ते बहुधा एकाच लोकलने येतात. आमच्या जॉबचं अर्धं नियोजन कसारा फास्टच्या दारात उभं राहून झालं. घाटकोपर ते ठाणे एवढ्यात व्हॅक्यूम पंपाचा प्रश्न सुटला होता.

डमी भिंतीवर एसी बसला तो दिवस माझ्या लक्षात आहे. कूलिंग उत्तम, एमसीबी शांत, ब्रॅकेट हलत नाही. सगळे खूश. मग मॅडमनी इनडोअर युनिटच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतलं. ते पाइपमधून थोडं गेलं, थबकलं, मागे फिरलं आणि भिंतीवरून ओघळून प्लंबिंगच्या सरांच्या बुटांवर आलं.

सरांनी बूट झटकले, ड्रॉइंग मागवलं आणि भोकाची जागा पेन्सिलीने खोडून चार सूत खाली घेतली.

एसीचे सर वाकून बघत म्हणाले, “चार सूत म्हणजे अर्धा इंच ना? आमचा की तुमचा?”